लक्षणांच्या आधी बुरशी गाठण्याची खटपट

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या आजाराची नोंद छापून आली. एड्सचा वैद्यकीय साहित्यातला हा पहिला उल्लेख. पाचही जणांना न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया होता, शिवाय कँडिडा या बुरशीचा संसर्गही. म्हणजे या साथीची चाहूल बुरशीनेच दिली होती. गंमत अशी की न्यूमोसिस्टिसला तेव्हा प्रोटोझोआ, म्हणजे एकपेशीय परजीवी, समजत. ती बुरशी असल्याचा जनुकीय पुरावा १९८८ मध्ये आला.

कँडिडाचा तोंडातला पांढरा थर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. न्यूमोसिस्टिसला कोट्रायमोक्साझोलच्या गोळीने आधीच अटकाव करता येतो. खरी पंचाईत केली क्रिप्टोकॉकसने. ही बुरशी श्वासावाटे शरीरात जाते आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. सीडी४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या रोगप्रतिकारक पेशी, रक्ताच्या घन मिलिमीटरमागे १०० च्या खाली घसरल्या, की मात्र ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकते. डोकं असह्य दुखतंय म्हणून रुग्ण दवाखान्यात येतो, तेव्हा अनेकदा फार उशीर झालेला असतो.

निदानाची जुनी रीत अशी: पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं, त्यात इंडिया इंकचा थेंब मिसळायचा आणि काळ्याभोर शाईत पेशीभोवतीचं पारदर्शक वलय शोधायचं. हे वलय म्हणजे बुरशीचं जाड शर्करायुक्त आवरण. त्याचेच अंश, म्हणजे प्रतिजन, रक्तात उतरतात. ते ओळखणारी लॅटेक्स चाचणी १९६० च्या दशकापासून होती, पण ती सुसज्ज प्रयोगशाळेत, आणि तीही बहुधा आजार उघड झाल्यावरच व्हायची.

विचार बदलला तो दोन अभ्यासांमुळे. २००२ मध्ये युगांडातल्या संशोधनात दिसलं, की प्रतिजन लक्षणांच्या साधारण तीन आठवडे आधीच रक्तात सापडतं. २००९ मध्ये केपटाऊनमध्ये एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, सुरू करण्यापूर्वी साठवून ठेवलेले रक्तनमुने तपासले गेले. ज्यांच्या रक्तात प्रतिजन नव्हतं, त्यांच्यापैकी एकालाही पुढच्या वर्षभरात हा मेंदूज्वर झाला नाही. ज्यांच्यात होतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना झाला. एआरटी हाती आल्यावरही पहिल्या काही महिन्यांत रुग्ण का दगावत होते, याचं एक कारण इथे उघड झालं.

मग २०११ मध्ये पट्टीची चाचणी आली. नळीत रक्तद्रवाचा थोडा अंश, द्रावणाचा थेंब, त्यात बुडवलेली पट्टी. दहा मिनिटांनी दोन रेघा उमटल्या तर प्रतिजन आहे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने १०० पेक्षा कमी सीडी४ असलेल्यांची एआरटीपूर्वी तपासणी सुचवली. २०१८ मध्ये ही मर्यादा २०० पर्यंत नेण्याची मुभा दिली. टांझानिया-झांबियातल्या अभ्यासात अशी तपासणी आणि सुरुवातीच्या आठवड्यांतल्या घरभेटी यांमुळे मृत्यू २८ टक्क्यांनी घटले (२०१५). दक्षिण आफ्रिकेने तर कमी सीडी४ च्या नमुन्यावर प्रयोगशाळेनेच परस्पर ही चाचणी करावी अशी सोय केली. डॉक्टरच्या आठवणीवर काही ठेवायचं नाही, हा मला त्यातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

रेघ उमटली की काम संपत नाही. लक्षणं नसलेल्या अशा लोकांपैकीही सुमारे एक तृतीयांशांच्या मणक्यातल्या पाण्यात बुरशी निघते. त्यांना फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध पुरत नाही, अधिक जहाल अँफोटेरिसिन लागतं. शिवाय मेंदूज्वर झालेला असताना एआरटीची घाई जिवावर बेतू शकते, हे २०१४ मध्ये सिद्ध झालं.

आणि २०१५ मध्ये एक विचित्र पेच पडला. सीडी४ कितीही असोत, सगळ्यांना एआरटी द्या, असं धोरण आलं. धोरण योग्यच होतं. पण औषधासाठी आकडा लागेनासा झाला, तशी अनेक कार्यक्रमांत सीडी४ ची मोजणीच मागे पडली. पट्टी तयार, पण ती कोणासाठी काढायची हे सांगणारा आकडा नाही! त्यावर तोडगा म्हणून सीडी४ चीही पट्टी निघाली. ती नेमकी संख्या देत नाही, ४० मिनिटांत २०० च्या वर की खाली एवढंच दाखवते. रुग्णाला बसवून ठेवून पुढची तपासणी त्याच भेटीत उरकायला तेवढं पुरतं.