पार्श्वभूमी : सेंद्रिय भाजीचा शिक्का कुठून आला

शहरातल्या शेतकरी आठवडे बाजारात एका रांगेत चार पाट्या वाचायला मिळतात : सेंद्रिय, जैविक, नैसर्गिक, विषमुक्त. चारही टेबलांवर मेथीच, आणि चारही जुड्यांच्या मुळांना ओली माती. घेणारा चारही शब्द एकच समजतो आणि पाच-दहा रुपये जास्त मोजतो. शब्द मात्र वेगवेगळ्या घरांतून आलेत. त्यांतल्या दोन घरांचं तर एकमेकांशी पटतही नाही.

सगळ्यात गुंत्याचा 'सेंद्रिय'. तो बहुतेकांना आधी भेटतो रसायनशास्त्राच्या वर्गात. तिथे सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं. आता पुस्तकांत 'कार्बनी' म्हणतात. त्या हिशेबाने युरियासुद्धा सेंद्रिय! 1828 साली प्रयोगशाळेत तयार झाला म्हणून गाजलेला पदार्थ युरियाच होता. आज सेंद्रिय शेती करणारा ज्या गोणीचं नाव काढताच कानांवर हात ठेवतो, तीच ही. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्यावर बंदी घातली त्या एंडोसल्फान या कीटकनाशकाच्या रेणूतही कार्बन आहेच. शेतीतला 'सेंद्रिय' आला इंग्रजीतून, 1940 च्या आसपास, आणि त्याला कार्बनशी काही देणंघेणं नव्हतं. शेत हे एका जिवंत देहासारखं, त्याचे अवयव एकमेकांच्या आधाराने चालतात, असा तो विचार. 'स-इंद्रिय' या फोडीत तो बरोबर बसतो, पण फोड करत कोण भाजी घेतंय!

त्यात हिंदीने भर घातली. हिंदीत सेंद्रियलाच 'जैविक' म्हणतात. मराठी शेतकऱ्याला जैविक म्हटलं की ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पुडी नाहीतर रायझोबियम या जिवाणूचं पाकीट आठवतं. सेंद्रिय मालावरचं केंद्राचं बोधचिन्ह 'जैविक भारत' या नावाने आलं आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी राज्याने 2018 मध्ये काढलेल्या सेंद्रिय शेतीच्या मिशनच्या नावातही 'जैविक'च बसलं. शब्द वरून आला की पाटी रंगवणारा तोच रंगवतो.

मागचा इतिहास थोडक्यात. परसात सांडपाण्यावर अळू, मांडवावर दोडका, कोपऱ्यात शेवगा हे सांगायला नको. सेंद्रिय शेतीच्या चळवळीला पाठ असलेली कंपोस्टची पद्धत होळकरांच्या इंदुरात बसवली गेली, 1924 ते 1931 या काळात, एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, मधूनमधून पालट, तीनेक महिन्यांत खत. आपल्याकडचे शेतकरी काय करतात ते पाहून त्याने ती घडवली होती. पुढे 1964 मध्ये ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं, 1972 च्या दुष्काळात मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळी कामांवर वाटलेलं पिठाचं खाणं) खाऊन लोकांनी दिवस काढले, आणि पोट भरण्यापुढे चवीचा प्रश्न मागे पडला. 'हायब्रीड' हा शब्द बेचव भाकरीला आणि मग फुसक्या माणसालाही लागू झाला, तो याच काळात.

शिक्क्याची गोष्ट मात्र ताजी आहे, आणि ती सुरू झाली निर्यातीपासून. 2001 च्या सुमारास देशाने सेंद्रिय उत्पादनाचे नियम केले ते बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी. तिसऱ्या पक्षाची तपासणी, हंगामी पिकाला पेरणीआधी दोन वर्षांचा, रासायनिक शेतीतून सेंद्रियात येण्याचा रूपांतराचा काळ, फळबागेला तीन, आणि सगळ्याचं दप्तर. भाजीवाल्या शेतकऱ्याला हे झेपणारं नव्हतं. म्हणून पुढे गटाची पद्धत आली : किमान पाच शेतकरी एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात आणि एकमेकांची हमी घेतात. दोन्ही वाटांमध्ये शिक्का मिळतो तो पिकवण्याच्या रीतीला. प्रत्येक जुडी प्रयोगशाळेत जात नाही, हे दुकानातला विक्रेता सहसा सांगत नाही.

वाद पेटला तो 1 जुलै 2018 पासून लागू झालेल्या नियमाने. 'सेंद्रिय' म्हणून विकायचं असेल तर या दोनपैकी एक प्रमाणपत्र हवं. वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या आणि थेट खाणाऱ्याला विकणाऱ्या शेतकऱ्याला सूट, पण मग ते 'जैविक भारत'चं बोधचिन्ह वापरायचं नाही. कागदावर हे समंजस वाटतं. फसवणूक होतच होती, काहीतरी करणं भाग होतं. पण परिणाम काय झाला पाहा. मॉलमधल्या प्लॅस्टिकबंद टोमॅटोवर चिन्ह आलं, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत डोळे घालून विकणारा बिनचिन्हाचा राहिला. ज्याला गिऱ्हाईक 'फवारणी कधी केली?' असं तोंडावर विचारू शकतं, तोच संशयित. मला हे उलटं वाटतं. 'विषमुक्त' ही पाटी वाढली त्यामागे ही अडचणही आहे, असा माझा अंदाज. ती पाटी लावायला कुठलं प्रमाणपत्र लागतं ते कोणी विचारत नाही.

राहिलं 'नैसर्गिक'. हे घर सेंद्रियशी उघड भांडतं. विकतचं गांडूळखतही त्यांना नको. बाहेरून आणलेली गांडुळं ही गांडुळंच नव्हेत, इथवर बोललं गेलंय. त्यांचं सगळं जीवामृतावर : एकराला 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. 2019 च्या अर्थसंकल्पात 'शून्य खर्च' या नावाने या शेतीचा उल्लेख आला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये 2,481 कोटींचं राष्ट्रीय मिशन मंजूर झालं. बेसनाचा आजचा भाव लक्षात घेता 'शून्य खर्च' हे नाव मागे पडलं, ते बरं झालं.

गच्चीवरच्या भाजीला यातलं काहीच लागू नाही. ती वाढली दुसऱ्याच कारणाने, कचऱ्यामुळे. मुंबईत आधीच रसवंतीवरचं चिपाड पिशव्यांत भरून त्यात वांगी-मिरच्या लावणारे होते. 2016 च्या नियमांनी रोज 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्या सोसायट्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं आणि खताचे ड्रम आले. ड्रममधलं खत कुठे टाकायचं? म्हणून कुंड्या. 2020 च्या टाळेबंदीत तर बियांच्या पाकिटांसाठी रोपवाटिकांत फोनवर फोन.

त्यातलं एक पाकीट मी फोडलं तेव्हा भेंडीचं बी गुलाबी निघालं. तो बुरशीनाशकाचा थर; मागे बारीक अक्षरांत 'खाण्यासाठी वापरू नये'. शेणखत, जीवामृत, कडुनिंबाचा अर्क असं सगळं सोवळं पाळून लावलेल्या बागेचा श्रीगणेशा या दाण्याने झाला. भेंडी छान आली. शेजारच्या काकूंना पाव किलो दिली, त्यांनी सेंद्रिय आहे का असं विचारलंच नाही. "घरची ना?" म्हणाल्या, आणि पदरात घेतली.