रोहूचं 'पोट' आणि मरळीचं पोट

नाशिकच्या बाजारात मासे साफ करणाऱ्या मावशींना म्हटलं, "आतडी टाकू नका, वेगळ्या पिशवीत द्या."

"मांजराला का?"

"नाही, बघायला."

"घाणीत काय बघायचं, बाबा?" पण दिली. एक रोहू, एक मरळ.

घरी दोन ताटल्यांत मांडल्यावर पहिल्या नजरेत दोन्हीकडे पोट दिसतं. रोहूच्या घशामागे एक फुगीर भाग असतो आणि तिथून नळी बारीक होत जाते. मरळीत जाड, चिवट भिंतीची पिशवी असते. माझ्या मरळीच्या पिशवीत एक छोटा मासा निघाला. डोकं विरघळलेलं, शेपूट मात्र शाबूत.

यातलं खरं जठर फक्त मरळीचं. तिथे आम्ल स्रवतं, पेप्सिन हा प्रथिनं पचवणारा पाचकरस असतो, गिळलेलं भक्ष्य तिथेच विरघळतं. रोहूला जठरच नाही! कटला, मृगळ, गवत्या, चंदेरा, सायप्रिनस, या सगळ्यांचं तसंच. तो फुगीर भाग म्हणजे आतड्याचंच रुंद तोंड. खाल्लेलं तिथे जरा वेळ थांबतं, पण आम्लाचा तिथे पत्ता नाही. चावायचं काम घशातले दात करतात.

आकारावरून फसायला होतं, म्हणून पित्ताची नळी शोधावी. मासा कापताना जी हिरवी पिशवी फुटली की कालवण कडू होतं, तिच्यातूनच ही नळी निघते. रोहूत ती घशाच्या जवळ, त्या फुगवट्यातच उघडते. मरळीत जठर संपल्यावर, आतडं सुरू होतं तिथे. शेजारीच बोटांसारख्या दोन बंद पिशव्या लोंबत असतात. त्या दिसल्या की शंकाच राहत नाही.

गंमत म्हणजे हा फरक जन्मापासून नसतो. अंड्यातून बाहेर आलेल्या रोहूच्या आणि मरळीच्या पिल्लाचं आतडं सारखंच: एक सरळ, साधी नळी. जठर दोघांनाही नाही. सुरुवातीला तोंडही उघडलेलं नसतं, पोटाखालच्या बलकावर दिवस निघतात. रोहूचा बलक साधारण तीन दिवसांत संपत येतो आणि तेव्हाच ते मत्स्यजिरे म्हणून विकायला येतात. नाव अगदी चपखल आहे, दिसतातच जिऱ्यासारखे. या वयात प्रथिनांचं पचन पुरतं झालेलं नसतं. नळीच्या मागच्या भागातल्या पेशी न पचलेले कण तसेच आत ओढून घेतात आणि आत नेऊन पचवतात.

मग वाटा वेगळ्या होतात. मरळीच्या नळीचा पुढचा भाग फुगतो, त्याच्या भिंतीत आम्लाच्या ग्रंथी येतात, पण आतडं आखूडच राहतं, शरीराच्या लांबीहूनही कमी. रोहूच्या फुगवट्यात ग्रंथी कधीच येत नाहीत. त्याचं वाढतं ते आतडं. जिरे असताना तो प्राणीप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, खातो, तेव्हा नळी आखूड असते. बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, होईपर्यंत खाणं वनस्पतींकडे झुकतं, आतड्याला एक वेढा पडतो, मग दुसरा, मग मोजदाद सुटते. मोठ्या रोहूचं आतडं शरीराच्या कित्येक पट लांब असतं. माझ्याकडचं उलगडायला घेतलं, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकाला दोनदा गेलं, तरी ताटलीत गुंडाळी उरलीच.

'शाकाहारी म्हणजे जठर नाही' असं मात्र समजू नका. चिलापी शेवाळ खाते, आतडंही लांबलचक, तरी तिला जठर आहे आणि त्यातलं आम्ल चांगलंच तीव्र असतं. उलट गवत्या नावाप्रमाणे गवत खातो, पण त्याचं आतडं रोहूपेक्षा बरंच आखूड.

दिंडोरीकडे माझ्या चुलतभावाने द्राक्षांच्या शेततळ्यात रोहूची बोटुकली सोडली. सकाळी एकदाच कोंडा आणि शेंगदाणा पेंड टाकायची आणि बागेत जायचं, असा त्याचा खाक्या. मरळ एक मासा गिळून निवांत पडून राहू शकते, कारण साठवायला पिशवी आहे. रोहूकडे ती नाही, त्याला थोडं थोडं आणि वारंवार लागतं. उरलेली पेंड तळाशी, प्लास्टिकवर कुजली आणि चार दिवसांत पाण्याला वास यायला लागला. आता तेवढंच खाद्य तो दिवसातून तीनदा विभागून टाकतो. दुपारचा वाटा विसरला की वहिनीचा फोन येतो.