जेट तुंबलाय की पेट्रोलमध्ये पाणी उतरलंय?

काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागांतला फवारणी पंप असो की दुकानापुढचा छोटा जनरेटर, तक्रार ठरलेली: सुरू होतं अन् बंद पडतं. मिस्त्रीचं उत्तरही ठरलेलं, कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) साफ करा. पण टाकीत पाणी असेल तर साफ केलेलं कार्बोरेटर पुन्हा बिघडतं, आणि जेट, म्हणजे त्यातला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, चिकटला असेल तर नुसतं पेट्रोल बदलून काही होत नाही.

आधी चोक पाहा. चोक ओढलेला असेतो इंजिन चालतं, सोडला की मरतं, किंवा आवाज सारखा वर-खाली होतो, तर बहुधा जेट अर्धवट बंद आहे. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. जुन्या पेट्रोलचा चिकट थर त्यात बसला की पेट्रोल कमी पडतं आणि हवा जास्त होते. चोक ती हवा अडवतो, म्हणून इंजिन तग धरतं. पाणी असेल तर असा नेम नसतो. मध्येच आचके येतात आणि चोकने फारसा फरक पडत नाही.

खात्री मात्र बाटलीच देते. इंजिन थंड होऊ द्या, मोकळ्या जागेत या, विडी-सिगारेट लांब ठेवा. पेट्रोलचा कॉक बंद करून बाऊलखालचा, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीखालचा, ड्रेन बोल्ट ढिला करा (बहुतेक मशीनला १० नंबरचा पाना लागतो) आणि येईल ते काचेच्या बाटलीत धरून १० मिनिटं हलवू नका. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी. थर नाही, पण व्हार्निशसारखा आंबूस वास येतो, तर पेट्रोल शिळं. टाकीच्या तळाचंही असंच तपासा.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल थोडं पाणी आपल्यात जिरवतं, पण मर्यादा ओलांडली की पाण्यासोबत स्वतःही तळाशी बसतं. म्हणून वरून ताजं पेट्रोल ओतण्याची युक्ती इथे कामाची नाही. टाकी, नळी, बाऊल पूर्ण रिकामं करा, कोरडं करा, फिल्टर बदला.

जेटसाठी कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत. फारच चिकटलं असेल तर तांब्याच्या वायरची एकच तार वापरा. स्टीलच्या तारेने पितळी भोक मोठं होतं, मग इंजिन कायमचं पेट्रोल पितं. क्लीनर रबरी डायफ्रामवर पडू देऊ नका.

मशीन कधी उभी राहिली यावरूनही अंदाज येतो. मे महिन्यात ४५ अंशांत टिनाच्या शेडखाली पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, उरतो तो चिकटपणा. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवा शिरते. म्हणून महिनाभर काम नसेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, बाऊल रिकामं करा, टाकीही. स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं औषध) टाकायचंच तर ताज्या पेट्रोलमध्ये. शिळ्याला ते सुधारत नाही.

टू-स्ट्रोक गवतकापणी मशीनचं प्रकरण जास्त नाजूक. त्यात पेट्रोलमध्येच ऑईल मिसळतात; ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली ऑईल पडतं, पण ते ऑईल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. तळाचा पाणी-इथेनॉलचा थर इंजिनात गेला तर पिस्टन कोरडा चालून जाम होऊ शकतो. बाटलीत थर दिसला तर टाकी रिकामी होईस्तोवर इंजिन सुरू करायची रस्सी ओढू नका.