काळ्या मातीच्या आलेखातली खरी शिखरं

नागपूरच्या आजूबाजूची काळी माती मे महिन्यात हात आत जाईल एवढी भेगाळते आणि पाऊस पडला की फुगून पायाला चिकटते. तिच्यातल्या स्मेक्टाइट नावाच्या खनिजाचा हा प्रताप. ते किती आहे आणि त्याच्या जोडीला आणखी काय आहे, हे बघायला मातीतले सर्वांत बारीक कण वेगळे काढून त्यांवर क्ष-किरण सोडतात. खनिजात अणूंचे थर ठरावीक अंतरावर रचलेले असल्यामुळे किरण काही ठरावीक कोनांतच जोरात परततात. कोन थोडाथोडा वाढवत परतणारे फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, मोजत गेलं की आलेख तयार होतो. त्यातली शिखरं ओळखली की खनिजं कळली. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचं मुख्यालयच आपल्याकडे अमरावती रोडवर आहे, त्यामुळे नागपूरला हा विषय परका नाही.

अडचण गोंगाटाची. एखाद्या कोनात सरासरी 100 फोटॉन येत असतील, तर प्रत्यक्ष मोजणीत कधी 92 येतात, कधी 109. ही उपकरणाची खराबी नाही, मोजणीचा स्वभावच तसा. गोंगाट निम्मा करायचा तर चौपट वेळ मोजावं लागतं. शेकडो नमुने रांगेत असताना ते परवडत नाही.

मग संगणकाला सांगायचं काय? ‘दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा उंच बिंदू म्हणजे शिखर’ ही व्याख्या सरळ वाटते, पण निव्वळ गोंगाटात दर तीन बिंदूंपैकी साधारण एक बिंदू ही अट पूर्ण करतो. 3,000 बिंदूंच्या आलेखात हजार शिखरं! म्हणून ‘अमुक उंचीच्या वरचंच घ्या’ अशी मर्यादा घालतात, आणि तिथेही फसगत होते. सीताबर्डीचा बाजार समुद्रसपाटीपासून 300 मीटरहून उंच आहे. मुंबईची मलबार हिल 100 मीटरही नाही. नुसती उंची बघणाऱ्याला बाजार डोंगर वाटेल आणि टेकडी दिसणारच नाही. क्ष-किरणांच्या आलेखात लहान कोनांकडे पार्श्वभूमीच अशी चढलेली असते, आणि नेमकं तिथेच स्मेक्टाइटचं शिखर बसलेलं असतं. म्हणून चांगला अल्गोरिदम शिखराचा उठाव मोजतो: भोवतालच्या दरीपासून ते किती वर आलं आहे.

तो उठाव पुरेसा आहे का, हे गोंगाटाच्या मापाने ठरतं. ते माप काढताना सरासरीवर आधारलेलं गणित घेतलं तर मोठी शिखरंच त्याला फुगवतात; मध्यकावर, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यावर, आधारलेलं माप त्यांना बधत नाही. समजा मर्यादा गोंगाटाच्या तिप्पट ठेवली. तरी 3,000 बिंदूंत चारेक बिंदू निव्वळ योगायोगाने ती ओलांडतील. पण असा बिंदू एकटाच उसळतो. खरं शिखर अनेक बिंदूंवर पसरलेलं असतं, म्हणून रुंदीचीही अट लावायची.

रुंदीचा प्रश्न मला सगळ्यांत अवघड वाटतो. मातीच्या एकाच आलेखात क्वार्ट्झचं शिखर सुईसारखं टोकदार असतं आणि स्मेक्टाइटचं पसरट. गोंगाट कमी करायला शेजारच्या बिंदूंची सरासरी घेतली, तर क्वार्ट्झ बुटका होतो. साविट्झ्की आणि गोले यांनी 1964 मध्ये यावर सुरेख उपाय दिला: सरासरीऐवजी प्रत्येक छोट्या तुकड्यावर एक वक्ररेषा बसवायची. शिखराची उंची बरीच टिकते. तरीही तुकडा केवढा घ्यायचा हे आपणच ठरवायचं. वेव्हलेट पद्धत एकाच रुंदीवर अडून राहत नाही. अरुंदपासून रुंदपर्यंत अनेक मापांच्या साच्यांनी ती आलेख तपासते आणि बऱ्याच मापांत एकाच जागी टिकून राहतं तेच शिखर मानते.

हृदयाच्या ईसीजीत काम थोडं सोपं होतं, कारण तिथे शरीराचे नियम हाताशी असतात. पॅन आणि टॉम्पकिन्स यांच्या 1985 च्या अल्गोरिदममध्ये एक ठोका सापडला की पुढचे 200 मिलिसेकंद दुसरा ठोका मानतच नाहीत. हृदय एवढ्या लवकर पुन्हा आकुंचन पावत नाही. उलट, नेहमीच्या अंतराच्या 1.66 पट वेळ ठोका दिसला नाही, तर मर्यादा खाली आणून मागचा भाग पुन्हा शोधतात.

मातीला असा ताल नाही, पण तिला प्रश्न विचारता येतो. नमुन्याला ग्लायकॉल नावाचं द्रव दिलं की ते स्मेक्टाइटच्या थरांमध्ये शिरतं, थरांमधलं अंतर सुमारे 1.4-1.5 नॅनोमीटरवरून 1.7 होतं आणि शिखर 6 अंशांजवळून 5.2 अंशांकडे सरकतं. क्लोराइट हे मातीतलं दुसरं खनिज मात्र 1.4 वरच राहतं. ग्लायकॉल देण्याआधीच्या आलेखात ते स्मेक्टाइटच्या पसरट उतारावर नुसत्या खांद्यासारखं दिसतं, त्याला स्वतःचा माथाच नसतो. असा खांदा शोधायला आलेखाची वक्रता मोजावी लागते, आणि वक्रता काढताना गोंगाट कितीतरी वाढतो. म्हणून तिथे गणितावर विसंबण्यापेक्षा ग्लायकॉल दिलेला दुसरा आलेख काढणंच मला जास्त भरवशाचं वाटतं.