वाळू अडवली की किनारा खचतो

लाटा जमीन खात असतील तर त्यांच्यापुढे दगडी भिंत उभारावी, हा उपाय चटकन सुचतो. भिंतीमागची जमीन त्याने वाचतेही. पुढची पुळण मात्र बहुतेक वेळा जाते. उतरत्या वाळूवर लाटेचा जोर हळूहळू ओसरतो. भिंतीवर आदळलेली लाट तोच जोर घेऊन मागे फिरते आणि पायथ्याची वाळू उपसते. पाया उघडा पडला की पुन्हा दगड ओतावे लागतात.

मुळात पुळण स्थिर नसतेच. वादळात तिची वाळू थोडी समुद्रात ओढली जाते, पाण्याखाली तिचा बांध तयार होतो आणि पुढच्या लाटा त्यावरच फुटतात. समुद्र शांत झाला की बरीचशी वाळू सावकाश परत येते. शिवाय लाटा तिरप्या येतात, त्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सतत सरकत असते. धुपेचं मूळ पुष्कळदा या प्रवासात आलेल्या अडथळ्यात सापडतं. चेन्नई बंदराच्या बांधांनी उत्तरेकडे निघालेली वाळू अडवली. दक्षिणेची मरीना पुळण रुंदावली, उत्तरेचं रोयापुरम खचत गेलं. कधी अडथळा फार दूर असतो. १९७० मध्ये इजिप्तमधलं आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं, नाईलचा गाळ त्यामागे अडला आणि शेकडो किलोमीटरवर नाईलच्या मुखाशी असलेल्या रोझेटाजवळ आधीच सुरू असलेली धूप आणखी वाढली.

म्हणून मला भिंतीपेक्षा वाळूची भरपाई अधिक पटते. नेदरलँड्सने २०११ मध्ये द हेगजवळ सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी टाकली आणि ती पसरवण्याचं काम लाटा, वारा आणि प्रवाहांवर सोपवलं. वाळू उपसायची ती खोल समुद्रातून. किनाऱ्यालगत उपसली तर तोच खड्डा भरायला पुळणीची वाळू जाईल. हा उपाय स्वस्त नाही, कायमचाही नाही, आणि उपशाने तळावरचे जीव मरतात. वाळूच्या टेकड्या न सपाट करणं, त्यांवर मर्यादवेलीसारख्या वनस्पती टिकवणं आणि चिखलाच्या किनाऱ्यावर खारफुटी राखणं त्यामानाने सोपं आहे. तरी आपण आधी तेच मोडतो.

काही ठिकाणी मागे सरणंच शहाणपणाचं ठरतं. इंग्लंडमध्ये मेडमेरीला आतल्या बाजूस नवा बांध घातला आणि २०१३ मध्ये समुद्राकडचा जुना बांध मुद्दाम फोडला. मधल्या शेतजमिनीत आता भरतीचं पाणी खेळतं आणि तिथल्या खाजणामुळे नव्या बांधापर्यंत पोचणाऱ्या लाटा मंदावतात.