मुंबईच्या घरात घडवलेला दुर्बिणीचा आरसा

परावर्ती, म्हणजे आरशाने प्रकाश गोळा करणाऱ्या दुर्बिणीच्या आरशाच्या आकारात मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकीही चूक चालत नाही. इतकी अचूकता नवख्या माणसाच्या हातून साधते, याचे कारण घासण्याच्या पद्धतीत दडलेले आहे.

सारख्या व्यासाच्या दोन जाड काचांमध्ये पाणी आणि कार्बोरंडम या काच झिजवणाऱ्या कठीण पदार्थाची पूड घालून वरची काच पुढे-मागे घासत राहिले, की वरच्या काचेचा मध्य आणि खालच्या काचेची कड अधिक झिजते. घासताना वरची काच अधूनमधून थोडी फिरवायची आणि आपणही काचांभोवती हळूहळू फिरत राहायचे. कोणत्याही दिशेने सरकवले तरी एकमेकांना सर्वत्र टेकून राहणारे वक्र पृष्ठभाग गोलाचेच असू शकतात, त्यामुळे वरच्या काचेला आपोआप गोलाचा खोलगट आकार येतो; हीच काच पुढे आरसा होते. घरात चहूबाजूंनी फिरता येईल असे टेबल नसेल, तर भिंतीपासून सुटे ठेवलेले, पाण्याने भरलेले पिंप या कामाला उत्तम.

पहिला आरसा 150 मिमी व्यासाचा आणि 1200 मिमी नाभीय अंतराचा (दूरचा प्रकाश आरशापासून जिथे एकवटतो ते अंतर) असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची मध्यावरची खोली जेमतेम 1.2 मिमी असते. खरे तर आरसा अन्वस्ताकार (पॅराबोलाच्या आकाराचा) हवा, पण या मापात गोल आणि अन्वस्त यांतला फरक इतका नगण्य असतो की नीट साधलेला गोलही चालून जातो. शिवाय मुंबईच्या उजळ आकाशातही स्पष्ट दिसणारे चंद्र, गुरू आणि शनी यांच्यासाठी हे नाभीय अंतर सोयीचे आहे.

पूड क्रमाने बारीक करत न्यायची आणि प्रत्येक वेळी सगळे स्वच्छ धुवायचे, कारण मागे राहिलेला एक जाड कणही काचेवर ओरखडा पाडतो. पुढचे पॉलिश चर पाडलेल्या पिचच्या (डांबरासारख्या चिकट पदार्थाच्या) थरावर सेरियम ऑक्साइड या बारीक पुडीने होते. मुंबईच्या उन्हाळ्यात पिच मऊ पडून त्यातले चर बुजतात, म्हणून येथे कडक पिच घ्यावे.

परीक्षेची रीत लिऑं फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1858 साली दिली. आरशापासून 2.4 मीटरवर, म्हणजे नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर, बारीक छिद्रातून प्रकाश टाकायचा आणि परत येणारा किरणपुंज जिथे एकवटतो, तिथे तो ब्लेडच्या धारेने कापायचा. गोल निर्दोष असेल, तर आरसा एकसारखा काळवंडतो. उंचसखलपणा असेल, तर छायाप्रकाशाने टेकड्या आणि दऱ्या उमटतात. आरशावर काही सेकंद बोट टेकवून पाहावे: तेवढ्या उबेने फुगलेली काच टेंगळासारखी दिसते आणि सावकाश निवळते. म्हणूनच घासल्यावर काच निवू द्यावी आणि परीक्षेच्या वेळी पंखा बंद ठेवावा.

काचेला चकाकी देणारा ॲल्युमिनियमचा मुलामा निर्वात पात्रात चढतो, त्यामुळे तो बाहेरूनच करून घ्यावा लागतो. समुद्रकाठच्या खारट, दमट हवेत तो लवकर खराब होतो, तेव्हा वर संरक्षक थर मागून घ्यावा आणि पावसाळ्यात आरसा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा.