उतारवयातील औषधपाणी (बेळगाव सीमाभाग)

रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी, जुना खोकला-दमा असे पूर्ण बरे न होणारे, पण ताब्यात राहणारे आजार साठीनंतर रोजच्या गोळ्या, आहार आणि तपासण्या यांवर सांभाळण्याची घरगुती व्यवस्था. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील मराठी घरांत तिला एक खास अडचण आहे. उपचार दोन राज्यांत वाटले गेलेले असतात आणि कागद दोन लिप्यांत. गोळी वेळेवर मिळाली तरी ती आधीच्या गोळ्यांशी जुळते का, हे पाहणारे कोणी नसते.

निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. त्यामुळे बीपीची गोळी गावातल्या दवाखान्यातली, तर गुडघा किंवा हृदय दाखवायला कोल्हापूर, असे सर्रास चालते. खानापूरकडचे लोक बेळगावला जिल्हा रुग्णालयात किंवा केएलई या खासगी रुग्णालयात जातात. दोन्हीकडे जुनी चिठ्ठी न दाखवल्यास एकच औषध दोन नावांनी घरात येते. पट्टीवर एक असते ते कंपनीने दिलेले नाव. औषधाचे मूळ नाव त्याच्याजवळच असते. दोन पट्ट्यांवर कंपन्यांची नावे वेगवेगळी असून मूळ नाव दोन्हीकडे ‘टेल्मिसार्टन’ (बीपीचे औषध) असेल, तर मात्रा दुप्पट होते आणि सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. त्या काळात मराठी शाळेत बसलेल्या पिढीला देवनागरी सहज वाचता येते, कन्नड बोललेले समजते, पण लिहिलेले बहुधा नाही. सरकारी दवाखान्यात ‘ऊटक्के मोदलु’ (जेवणाआधी) किंवा ‘ऊटद नंतर’ असे तोंडी सांगितले तर अडत नाही. ‘नंतर’ तर दोन्ही भाषांत एकच. तेच कागदावर लिहून दिले, की आजीला नातवाची वाट पाहावी लागते. म्हणून घरात एकच देवनागरी तक्ता ठेवावा : औषधाचे मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, केव्हा, कोणत्या दवाखान्याने आणि कोणत्या तारखेपासून. १-०-१ याचा अर्थ सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. सांधेवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेल्यास जिवावर बेतते, म्हणून तिच्यापुढे वार लाल शाईने लिहावा. पट्टीचे एकेका गोळीचे तुकडे करून डबीत टाकू नयेत. मुदतीची तारीख आणि नाव भलत्याच तुकड्यावर जाते.

सगळ्यात जास्त घोटाळा दुखण्याच्या गोळीने होतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफिनॅक किंवा एसिक्लोफिनॅक गुडघ्याला दोन दिवस आराम देते, पण अंगात मीठ-पाणी धरून ठेवते आणि बीपी वाढवते. त्यासोबत टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवीची (लघवी वाढवणारी) गोळीही चालू असेल, तर मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ताण येतो. पाय सुजणे, लघवी कमी होणे ही त्याची खूण. बीपी वाढले म्हणून आणखी एक गोळी सुरू होते आणि मूळ कारण तसेच राहते. पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित. दिवसभरात मिळून ३ ग्रॅमच्या वर जाऊ नये, यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. खुर्चीत बसून गुडघा सरळ करायचा, ५ ते १० सेकंद ताणून धरायचा आणि खाली सोडायचा. असे प्रत्येक पायाचे १० वेळा, दिवसातून दोनदा केल्याने मांडीचा स्नायू बळावतो आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो. गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात. बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यातच सोडून देतात.

मधुमेहात उपवासाचे गणित वेगळे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न असो वा नसो, इन्शुलिन सोडायला लावतेच. संकष्टीला सकाळी गोळी घेतली आणि जेवण चंद्रोदयापर्यंत लांबले, की संध्याकाळी हात थरथरणे, घाम, बरळणे सुरू होते. घरचे ‘उपवास लागला’ म्हणतात. उलट दुपारी साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली, तर साखर झपाट्याने चढते. उपवास सोडवत नसेल, तर त्या दिवशीची मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी, आणि सावरल्यावर जेवू घालावे. त्या वेळी कुंदा ही खव्याची मिठाई देऊ नये. खव्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा. या गोळीचा असर लांबतो, त्यामुळे रात्री साखर पुन्हा उतरू शकते. कोणीतरी जवळ झोपावे.

बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू, मिसरी नको. निपाणी परिसरात तंबाखू घराघरांत असल्याने मिसरीला कोणी व्यसन समजत नाही, म्हणून विचारताना तिचे नाव घेऊनच विचारावे लागते. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसावे. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहावी. घरी ती सतत १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल, तर दवाखान्यात दाखवावे. उठल्यावर चक्कर येणाऱ्याचे बीपी आडवे असताना आणि उभे राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर गोळीची वेळ किंवा मात्रा बदलावी लागते. खानापूरच्या पावसात परसात शेवाळ धरते, आणि रात्री लघवीला उठणारा म्हातारा माणूस नेमका तिथेच घसरतो. लघवीची गोळी सकाळी घ्यायची ती याचसाठीही. जुलाब-उलट्या लागल्यास हीच गोळी, टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी विचारावे. उन्हाळ्यात अथणी, रायबागकडे अंगातले पाणी कमी होऊन ही वेळ लवकर येते.

तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लकव्याची चिन्हे दिसली, तर जवळचा दवाखाना न शोधता सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ लक्षात ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का आणि शेवटची केव्हा घेतली, हे तिथे पहिल्यांदा विचारतात. बेळगाव असो वा कोल्हापूर, त्या वेळी घरातला तो तक्ता सोबत हवा.